‘फायबर मागितलं, पत्रा मारला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

दोन स्टार देताना तुम्ही लिहिलंय की जिप्सीला फायबरचं छप्पर हवं होतं, रबाळ्याच्या आमच्या वर्कशॉपने ॲल्युमिनियमचा पत्रा मारला. पहिल्याच ऑटोक्रॉसला (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीला) दगड लागून त्याला पोचा पडला, आत डबा वाजल्यासारखा आवाज येतो आणि बिलही फायबरवाल्याच्या कोटेशनपेक्षा जास्त आलं. पत्रा कापायच्या आधी आपलं फोनवर बोलणं झालं होतं, तुम्ही हो म्हणालात तेव्हाच शीट आणली. तरी मातीत गाडी पळवणारे बरेच जण छपराबद्दल विचारतात, म्हणून इथेच सगळं लिहितो.

फायबर हलकं, हा तुमचा मुख्य मुद्दा. साच्यात, व्हॅक्यूम लावून, चांगलं कापड वापरून केलेलं फायबर हलकं होतंच. पण एका गाडीपुरतं इतकं कुणी करत नाही. काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची आणि ब्रशने रेझिन मारायचं, एवढंच होतं. चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे तीन थर दिले की जाडी साधारण ३ मिमी होते. तुमचं छप्पर सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे, म्हणजे वजन साडेपाच किलोच्या घरात जातं. आम्ही लावलेला १.२ मिमीचा ५०५२ ग्रेडचा ॲल्युमिनियमचा पत्रा त्याच मापात चार किलो भरतो. ०.८ मिमीचा लोखंडी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा आठ किलोच्या जवळ गेला असता. दोन थरांचं फायबर साडेतीन किलोत बसतं, पण ते वेगात फडफडतं आणि बोल्टच्या भोकापासून तडकायला लागतं. छप्पर गाडीत सगळ्यात उंचावर, तिथला प्रत्येक किलो वळणावर गाडी कलंडायला मदत करतो, हे तुम्ही अगदी बरोबर लिहिलंय. आम्ही पत्रा सुचवला तो त्याच कारणाने.

अमेरिकेत मातीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या डर्ट लेट मॉडेल रेस गाड्यांना फायबरची छपरं असतात, हेही खरं. तिथे ती साच्यातून तयार निघतात. एक फुटलं की दुसरं विकत आणून दुसऱ्या दिवशी बसवता येतं. जिप्सीच्या तुमच्या केजच्या (आत बसवलेल्या लोखंडी पाइपांच्या सांगाड्याच्या) मापाचं छप्पर इथे कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

आता पोचा. हलक्या माराला फायबर दबून परत वर येतं, पोचा राहत नाही. हा त्याचा गुण मी नाकारत नाही. पण मुठीएवढा दगड जोरात आला तर त्याला चिरा पडतात, काचेचे धागे उघडे पडतात आणि ती टोकं ड्रायव्हरच्या डोक्यावर राहतात. कार्बन फायबरचे तुटलेले तुकडे तर त्याहून धारदार असतात. पॉलीकार्बोनेट दगड झेलतं, मात्र पेट्रोल किंवा थिनर लागला की त्याला बारीक भेगा पडतात. ॲल्युमिनियमला पोचा पडला म्हणजे त्याने मार अंगावर घेतला. खालून डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने तो काढता येतो. ६०६१ टी-६ या दुसऱ्या ग्रेडचा ॲल्युमिनियम पत्रा जास्त कडक असतो, पण कडा दुमडताना तडकतो, म्हणून ५०५२.

आवाजाचं म्हणाल तर सपाट पत्रा वाजतोच. त्यासाठीच त्याला आडव्या-तिरक्या बीडिंगच्या (दाबून उठवलेल्या) रेघा मारल्या आहेत. उरलेला आवाज घालवायला आतून डांबरी शीट चिकटवता येते, पण मग वजन वाढतं. रेसच्या गाडीत मी ती लावणार नाही.

बिलात दोन गोष्टी जास्त होत्या. लोखंडी केज आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पावसाळी चिखल अडकला की ॲल्युमिनियम पांढरं पडून खायला लागतं. आपली खाडीकाठची खारी हवा ते आणखी लवकर करते. म्हणून मध्ये निओप्रीनची पट्टी घातली आहे आणि रिव्हेटही ॲल्युमिनियमचे आहेत, स्टीलचे नाहीत. दुसरं म्हणजे आठ बाय चारच्या शीटमधून तुमच्या मापाची दोन छपरं निघतात. दुसरं छप्पर कापून, दुमडून, भोकं पाडून तुमच्या गाडीतच ठेवलं होतं. रिव्हेट ड्रिलने उडवून ते पॅडॉकमध्येही (स्पर्धेच्या ठिकाणी गाड्या उभ्या करतात तिथेही) बदलता येतं. फायबरच्या कोटेशनमध्ये एकच छप्पर होतं.

पण तुमच्या रिव्ह्यूतल्या एका वाक्याने मला खरी काळजी वाटली. ‘गाडी उलटली तर हा पत्रा काय वाचवणार?’ पत्रा वाचवत नाही सर, फायबर वाचवत नाही आणि कार्बनही नाही. छप्पर फक्त माती-दगड बाहेर ठेवतं. माणसाला वाचवतो तो केज. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमात मुख्य रोलबारला (सीटमागच्या केजच्या कमानीला) कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलची ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिमीची नळी किमान सांगितली आहे आणि केजच्या वरच्या चौकटीत तिरके पाइपही मागितले आहेत. तुमचा केज दुसरीकडे बनलाय, त्या चौकटीत तिरका पाइप नाही. डिलिव्हरीच्या वेळी मी हे तुमच्या मेकॅनिकला दाखवलं होतं.

पुढच्या स्पर्धेआधी गाडी घेऊन या. पोचा काढून देतो, त्याचे पैसे नकोत. छप्पर उतरलेलंच असेल, तेव्हा तिरके पाइप मटेरियलच्या भावात टाकून देतो. त्यानंतरही फायबरच हवं असेल तर साच्याच्या खर्चासह तेही करून देऊ. मात्र केजचं काम आधी.