'उशीर केला आणि फ्लेम भलतीकडेच दाखवली' या रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्हाला ताटकळावं लागलं त्याबद्दल मनापासून सॉरी. पण दोन स्टार बघून खरंच वाईट वाटलं, आमची टीम छोटी आहे, कामं ओळखीतून येतात आणि नवीन माणूस फोन करायच्या आधी हेच वाचतो. तुम्ही लिहिलंय की सुपरसॉनिक (आवाजापेक्षा वेगवान) हवेत हायड्रोजन जळण्याचं कॉम्प्युटर सिम्युलेशन उशिरा मिळालं, फ्लेम इंजेक्टरपाशी (जिथून हायड्रोजन सोडतात तिथे) नसून बरीच पुढे पेटतेय, आणि आमचा सॉल्व्हरच, म्हणजे ही गणितं सोडवणारा प्रोग्रामच, भरवशाचा नाही. उशिराचं एकवेळ ऐकून घेतलं असतं, पण सॉल्व्हरवर बोललात म्हणून सगळं लिहितोय.

पहिल्या मेलमध्ये हवेचं तापमान तुम्ही 1800 केल्विन दिलंत, वेग मॅक 2, म्हणजे आवाजाच्या दुप्पट. हे स्टॅटिक (वाहत्या हवेचं स्वतःचं) की टोटल (तीच हवा थांबवली तर होईल ते) असं आम्ही तेव्हाच विचारलं होतं, तुमचं उत्तर आलं 'स्टॅटिकच, सुरू करा'. रन अर्ध्यावर आल्यावर कळवलंत की आकडा टोटलचा होता. आता मॅक 2 ला या दोन्हींत, साध्या हवेचं गणित धरलं तरी, 1.8 पट फरक असतो. म्हणजे हवा 1800 ची नाहीच, 1000 ची, आणि त्याबरोबर वेग बदलला, घनता बदलली, आधीचा सगळा रन वाया. हायड्रोजन पेटायच्या आधी हायड्रोजनचे सुटे अणू, ऑक्सिजनचे अणू, ओएच हे रॅडिकल, म्हणजे चटकन अभिक्रिया करणारे तुकडे, साठावे लागतात, आणि तापमान उतरलं की त्याला लागणारा वेळ भराभर वाढतो. हवा सेकंदाला सव्वा किलोमीटर पळतेय, तिथे 100 मायक्रोसेकंद उशीर म्हणजे फ्लेम 12 सेंटिमीटर पुढे. यात सॉल्व्हरचा काय दोष?

त्यातच हवा आणि हायड्रोजन या दोन प्रवाहांमधला मिक्सिंग लेयर (ते एकमेकांत मिसळतात तो थर) या वेगाला फुगतोही कमी, पॅपामोस्कू आणि रॉश्को यांनी 1988 मध्ये हे मोजून दाखवलंय. साधं के-एप्सिलॉन मॉडेल (प्रवाहातली खळबळ धरायचं गणित) या वेगासाठीचं करेक्शन न घालता चालवलं तर ते लेयर जाड दाखवतं, त्यात एका स्टेपची केमिस्ट्री (मधले रॅडिकल वगळून थेट पाणी) टाकली की फ्लेम इंजेक्टरला चिकटलेली मिळते, चित्रही देखणं येतं. आम्ही तसं देत नाही. सेटअप आधी बरोज-कुर्कोव्हच्या 1973 च्या, सुपरसॉनिक हवेत हायड्रोजन जाळण्याच्या प्रयोगावर तपासतो, तिथेही हायड्रोजन बाहेर पडल्या पडल्या पेटत नाही, काही अंतर वाहून मग पेटतो. ते प्लॉट तुमच्या रिपोर्टच्या शेवटी जोडलेत, एकदा बघा.

आणि वेळेचं म्हणाल तर सिम्युलेशनसाठी जागेचे बारीक तुकडे (सेल) करतो, त्यातल्या 0.1 मिलिमीटरच्या सेलला टाइम स्टेप (एका वेळी पुढे जायचा काळ) पन्नासेक नॅनोसेकंदांचा निघतो, एक मिलिसेकंद पुढे जायला वीस हजार स्टेप, प्रत्येक स्टेपला प्रत्येक सेलमध्ये नऊ घटकांची केमिस्ट्री. तापमान बदलल्यावर तुम्ही मेशही (सेलची जाळी) निम्म्या मापाचा मागितलात, म्हणजे सेल आठपट, स्टेप दुप्पट, काम सोळापट, आणि तारीख मात्र जुनीच धरलीत. मशीन रात्रंदिवस चालू होतं, पोरं रविवारीही येऊन रन बघत होती, आणि नेमकं त्यांच्याच कामाला 'निष्काळजी' म्हटलंत ते फार लागलं.

असो. यापुढे इनपुटचं कन्फर्मेशन जरा व्यवस्थित घेणार आहोत, अपडेटही वेळच्या वेळी देण्याचं बघतोय.

तुमच्या 1000 केल्विनच्या केसचा सगळा डेटा आमच्याकडे जपून ठेवलाय. फ्लेम जवळच हवी असेल तर इंजेक्टरपाशी पायरी किंवा कॅव्हिटी (खोलगट खाच) देऊन बघता येईल, तिथे गरम वायू फिरत राहतो आणि रॅडिकलना साठायला वेळ मिळतो. मेश तेवढा नवीन करावा लागेल, बाकी सेटअप तयार आहे. फोन करा, आणि सॉल्व्हरबद्दलची ती ओळ तेवढी बदललीत तर उपकार होतील.