बोट पेनांगला लागली की खाली उतरा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकूंनी विचारलं, सिंगापूरहून क्रूझला चाललोय, मध्ये एक दिवस मलेशियातलं पेनांग आहे, तिथे काय बघायचं? लगेच एकाचं उत्तर. "काही नाही हो तिथे, उतरूच नका. सगळे खाली जातात तेव्हा बोट रिकामी मिळते, पूल रिकामा, लंचला लाइन नाही, पैसे वसूल." त्याखाली अंगठ्यांची रांग. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. ऑफिसातही तेच घोळत होतं, म्हणून इथे लिहितेय, लांब होईल, वाचा.

काही नाही? पेनांगच्या जॉर्जटाउन शहरात काही नाही? अख्खं जुनं शहर २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आणि बंदर शहराच्या दारातच. हे सुख सगळीकडे नसतं, रोम म्हणून तुम्हाला चिव्हितावेक्कियाला उतरवतात आणि तिथून ट्रेननं तासभर जावं लागतं. पेनांगला स्वेटनहॅम पिअरच्या गेटबाहेर आलात की जवळच पांढरा क्लॉक टॉवर, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ६० वर्षं झाली म्हणून ६० फूट उंच बांधलेला, आणि तिथेच फोर्ट कॉर्नवॉलिस, १७८६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट उतरला तीच जागा. बस नको, गाइड नको, आपले पाय पुरतात.

आम्ही गेलो तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघ्यांची तक्रार, माहेर मालवणकडचं. बोटीवर त्या आमच्या मागून मागून चालायच्या, इंडियन काउंटरवरची डाळ-भात घ्यायच्या आणि काहीही विचारलं की "बरं आहे" म्हणायच्या. पेनांगच्या आदल्या रात्री आमच्याच ग्रुपमधले लोक त्यांना समजावत होते, आजी तुम्ही वर आराम करा, खाली ऊन फार. मी म्हटलं, आई, तुम्ही येताय.

आणि आल्या, साडी आणि कॅनव्हासचे बूट घालून.

पिट स्ट्रीट नावाचा जुना रस्ता आहे, आता त्याला कपितान केलिंग मशिदीचं नाव आहे. या एका रस्त्याच्या आसपास १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, करुणेची देवी क्वान यिन हिचं चिनी देऊळ, तमिळ लोकांचं महामारीअम्मन मंदिर आणि ती मशीद, सगळं चालत चालत. ते चर्च बांधायला हिंदुस्थानातून पाठवलेले कैदी राबले होते. कंपनी सरकार आपल्याकडच्या कैद्यांना तिथे काळ्या पाण्यावर धाडायचं. हे माहीत असलं की त्या पांढऱ्या खांबांसमोर नुसता सेल्फी काढून पुढे जाववत नाही, मला तरी गेलं नाही.

क्वान यिनच्या देवळात हा एवढा धूर, लोक जुडीच्या जुडी उदबत्त्या पेटवत होते. एका चिनी आजींनी आईंच्या हातात तीन उदबत्त्या दिल्या आणि कसं वाकायचं ते करून दाखवलं. आमच्या आई, ज्यांच्या सोवळ्याला घर घाबरतं, त्यांनी नीट तीनदा वाकून नमस्कार केला. तिथून पुढे त्या चालत होत्या आणि आम्ही मागे.

पण खरी गोष्ट चेंडोलची आहे. पेनांग रोडला लागून एक अरुंद गल्ली आहे, तिथे चेंडोलची गाडी लागते, लोक रस्त्यातच वाडगे हातात धरून उभ्याउभ्या खातात. तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया, नारळाचं दूध, वरून काळसर गुळाचा पाक, बर्फ आणि थोडा राजमा. हिरवा रंग पांदानच्या पानाचा, आपल्याकडे वासासाठी भातात टाकतात तेच पान. आईंनी एक चमचा तोंडात घातला आणि गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाल्या, "अगो, हे तर शिरवाळे!" मग परत एक चमचा. "गूळ माडाचो आसा ह्यो."

बरोबर होतं हो त्यांचं! मालवणात शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस. आणि तिथला गुला मलाका म्हणजे माडाच्याच रसाचा गूळ. कोणी सांगितलं नव्हतं, जिभेनं ओळखलं. मग त्यांनी गाडीवाल्याला हातानं साचा दाबायची खूण केली, म्हणजे असेच पाडता का? तो हसून मान हलवायला लागला, त्यानेही हातानं काहीतरी दाखवलं, दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि मागे रांग खोळंबलेली. कोणी चिडलं नाही. राजमा मात्र त्यांनी बाजूला काढला, तो काय पटला नाही.

आता मला सांगा, हे पूलमध्ये पाय सोडून मिळालं असतं?

पैसे वसूल म्हणे. बोटीवरच्या जेवणाचे पैसे भरलेत म्हणून दुपारी परत बोटीवर येऊन जेवायचं, हे मी डोळ्यांनी बघितलंय, लोक साडेबाराला घामाघूम होऊन परत आले, बुफे चुकायला नको म्हणून! अहो कोणाच्या दारात गेलो तर आपण निदान चहा घेतल्याशिवाय निघत नाही. आणि इथे शहराच्या दारात जायचं, त्याच्या भिंतींचे फोटो काढायचे आणि पाण्याची बाटलीसुद्धा बोटीवरची? मग तिथल्या लोकांना आपण का आवडावं? व्हेनिसनं २०२१ मध्ये मोठ्या क्रूझ जुदेक्का कालव्यातून बंद केल्या, लोक वर्षानुवर्षं बोंब मारत होते म्हणून. हजारो माणसं एकदम उतरली आणि चार तासात काहीही न खाता-घेता परत गेली तर शहराच्या वाट्याला फक्त गर्दी येते. मग उतरूच नका असं कोणी म्हणेल, पण माझं म्हणणं उलट आहे, उतरा आणि नीट पाहुण्यासारखे वागा. तिथल्या माणसाच्या हातचं खा.

ऊन आहे, मान्य. प्रचंड दमट आहे, दुपारी जीव नकोसा होतो. आणि बोट कोणासाठी थांबत नाही, बोटीचीच टूर घेतली तर उशीर झाला तरी ते तुमच्यासाठी थांबतात हेही खरं. ज्यांना चालवत नाही त्यांनी ती जरूर घ्यावी. पण आमच्या ओळखीतले एक कुटुंब त्या बसमधून गेलं आणि त्यांचा निम्मा वेळ चॉकलेटच्या नि बाटिकच्या दुकानात गेला, ड्रायव्हर सोडतो तिथे उतरायचं आणि हलवतो तेव्हा हलायचं. आम्हाला आईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा ग्रॅब, म्हणजे तिथली अ‍ॅपवरची टॅक्सी, बोलावली, बंदरावर वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. त्याआधी च्यू जेटीवर पण बसलो होतो, लाकडी खांबांवर पाण्यात उभी असलेली चिनी लोकांची घरं, आत माणसं राहतायत, त्यामुळे दारातून डोकावू नका प्लीज.

आणि भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाचा व्हिसा लागत नाही, फक्त अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. म्हणजे तेही कारण राहिलं नाही.

राग थोडा उतरलाय लिहून. पण एक अजून सांगते. मी मुंबईत फोर्टात नोकरी करते, सीझनमध्ये बॅलार्ड पिअरला परदेशी बोटी लागतात तेव्हा एसी बसेस भरून गेटवे, धोबीघाट दाखवून माणसं परत नेतात. हिवाळ्यात एक वयस्कर जोडपं हॉर्निमन सर्कलपाशी नकाशा घेऊन स्वतःच पायी फिरत होतं. मला विचारलं, बोट संध्याकाळी सुटणार आहे, जेवायला परत जावं का? मी म्हटलं अजिबात नाही, आणि लंच अवर मोडून त्यांना जवळच्या मालवणी खानावळीत घेऊन गेले, तिखट कमी करायला सांगितलं, सोलकढी कशी प्यायची ते दाखवलं. त्या बाईंनी दुसरा ग्लास मागून घेतला.