नगरसेवकाचा आणि सुरक्षेचा काय संबंध, म्हणे!

बेळगावात सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘सुरक्षा पोलिसांचं काम. त्यावर राजकारण करणाऱ्या नगरसेवकानं पाच वर्षं लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकली. आता चौकाचौकात कॅमेरे आहेत, असला नगरसेवक हवाच कशाला?’ आमच्या काकांनी तो मला तीनदा पाठवला, म्हणून हे लिहायला बसलो.

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे, ते आधी मान्य करतो. पोलीस आयुक्त बंगळूरच्या राज्य सरकारला उत्तर देतात, महापौरांना नाही. महापालिकेच्या स्थायी समित्या चार: अर्थ व कर, आरोग्य, नगररचना, लेखा. सुरक्षा नावाची समितीच नाही. अग्निशमन हा विषय घटनेच्या बाराव्या अनुसूचीतल्या 18 विषयांत सातवा, म्हणजे शहरांकडे देता येण्याजोगा. तरी आपल्याकडे बंब राज्याच्या खात्याचे, आणि तिकडे कोल्हापुरात महापालिकेचे. तेव्हा ‘मी वॉर्डातली गुन्हेगारी संपवतो’ असं कुणी नगरसेवक म्हणाला, तर तो थापा मारतोय हे खुशाल समजा.

पण सुरक्षा म्हणजे फक्त चोर पकडणं, हे कुणी ठरवलं? आमच्या गल्लीच्या तोंडाला एक खांब आहे. दिवा चालू, पण गुलमोहराच्या फांदीत गुरफटलेला. खाली मिट्ट काळोख, आणि तिथंच गटारीवरची फरशी खचलेली. क्लासहून येणाऱ्या पोरी तेवढं अंतर मोबाईलचा टॉर्च लावून चालायच्या. तक्रार केली की माणूस यायचा, दिवा जळतोय हे बघायचा आणि ‘तक्रार निकाली’ लिहून जायचा. त्याचंही चुकत नव्हतं; फांदी एका खात्याची, दिवा दुसऱ्याचा, फरशी तिसऱ्याची. आमच्या नगरसेवकानं तिघांनाही एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, त्या खांबाखाली आणून उभं केलं. भाषण नाही, फोटो नाही. आठवड्यात फांदी छाटली. फरशीला मात्र अडीच महिने लागले, तेही सांगायला हवं.

सुरक्षेवर काम करणाऱ्या नगरसेवकाची कारकीर्द असल्याच कामांत जाते. पावसाळ्याआधी नाल्यातला गाळ, भटक्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि रेबीजची लस (2023 च्या केंद्रीय नियमांनी ती जबाबदारी स्थानिक संस्थेचीच आहे), विसर्जनाआधी मिरवणुकीच्या वाटेवरचे खड्डे, विसर्जनाच्या कपिलेश्वर तलावावरचे दिवे. बंदोबस्त पोलिसांचा, पण पाय घसरतो तो महापालिकेच्या पायरीवर.

‘पाच वर्षं’ हा तर हिशेबच चुकीचा. 58 वॉर्डांसाठी मतदान झालं 3 सप्टेंबर 2021 ला, निकाल 6 तारखेला. महापौर निवडला गेला 6 फेब्रुवारी 2023 ला. मधले 17 महिने सभागृहच नव्हतं, कारभार प्रशासकाकडे. त्या काळाचा जाब नगरसेवकाला विचारणं म्हणजे लग्नाआधीच्या संसाराचा हिशेब मागणं. पुढंही महापौर आणि समित्या वर्षा-वर्षाच्या. खुर्ची कळेपर्यंत दुसरा येतो. शिवाय सभेची कागदपत्रं कन्नडमध्ये; ती मराठीत मिळावीत ही मराठी नगरसेवकांची मागणी जुनीच.

कॅमेऱ्यांवर फार बोलायला नको. 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत बेळगावचं नाव आलं, कॅमेरे आले, बरं झालं. पण कॅमेरा झालेलं दाखवतो. खचलेल्या फरशीवर म्हातारी पडली, तर ती किती वाजता पडली एवढं कळेल.

हे सगळं काकांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘मग आमच्या कोपऱ्यावरचा दिवा का लावत नाही तुझा नगरसेवक?’ काका राहतात कॅम्पात. तिथला कारभार महापालिकेचा नाहीच, कॅन्टोन्मेंट बोर्डाचा.