चार अक्षरांचा माणूस

‘या चाचणीत बरोबर-चूक असं काही नसतं, मनात पहिलं येईल ते उत्तर द्या.’ ऑफिसच्या कार्यशाळेत मायर्स-ब्रिग्ज ही व्यक्तिमत्त्वाची चाचणी वाटताना कुणी गोड आवाजात असं म्हणालं, की ओळखावं, पुढचा अर्धा तास आपल्याला आपल्याच विरुद्ध साक्ष द्यायची आहे.

पहिलाच प्रश्न बघा. समारंभात तुम्ही अनोळखी लोकांसकट अनेकांशी बोलता, की ओळखीच्या मोजक्यांशी? अहो, समारंभ कुणाचा आहे? आलंय कोण? आणि निघायचं कधी आहे? पण ‘कोण येतंय ते बघून ठरवू’ हा पर्याय दिलेलाच नसतो. ‘अ’ किंवा ‘ब’, मध्ये उभं राहायची सोय नाही. मायर्स-ब्रिग्जच्या प्रचलित आवृत्तीत असे नव्वदच्या वर प्रश्न आहेत. पंचविसाव्याच्या आसपास माणूस हळूच शेजारच्याच्या स्क्रीनकडे डोकावतो. बरोबर-चूक नसलेल्या परीक्षेत कॉपी करावीशी वाटणं हा मनुष्यस्वभावाचा खरा नमुना, पण नेमका तोच या चाचणीत मोजत नाहीत.

शिवाय उत्तर द्यायचं कुणी? घरातल्या मी नं, की ऑफिसातल्या? साहेब तीन खुर्च्या सोडून बसलेले असताना ‘कामं शेवटच्या क्षणी उरकायला आवडतात’ यावर खूण करण्याइतका प्रामाणिकपणा मी तरी कुणाकडून अपेक्षित धरणार नाही.

मग निकाल लागतो. अंतर्मुख ‘आय’ की बहिर्मुख ‘ई’, आखून काम करणारा ‘जे’ की ऐनवेळी ठरवणारा ‘पी’, अशा चार जोड्यांमधून एकेक इंग्रजी अक्षर उचलून तुमचं बारसं होतं: कुणी आयएनटीजे, कुणी ईएसएफपी. असे एकूण सोळा प्रकार. मूळ कल्पना स्विस मनोविश्लेषक कार्ल युंगच्या १९२१च्या ग्रंथातली. तिची प्रश्नावली केली अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी कुणाचंच नव्हतं. इझाबेलबाईंनी मात्र त्याआधी रहस्यकादंबरी लिहिली होती. सोळा संशयित उभे करण्याचा हात तिथे बसला असावा, अशी माझी आपली शंका.

खरी गोम मोजण्यात नाही, कापण्यात आहे. अंतर्मुख-बहिर्मुख या पट्टीवर बहुतेक माणसं मध्यावर गर्दी करून असतात, टोकांना थोडी. चाचणी सुरी चालवते ती बरोबर या गर्दीतून. त्यामुळे ५१ आणि ४९ टक्केवाले दोन वेगळ्या जातींचे ठरतात आणि ५१ व ९५ वाले सख्खे भाऊ. महिन्याभरानं पुन्हा चाचणी दिली, त्या दिवशी झोप पुरी झाली नव्हती, दोन उत्तरं इकडची तिकडे गेली, की अक्षर बदललं. हिशोब करून बघा. प्रत्येक अक्षर टिकण्याची शक्यता ८५ टक्के धरली, तरी चारही टिकण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकांना महिन्याभरात नवं व्यक्तिमत्त्व मिळणार, तेही स्वभावाला कसलाही धक्का न लागता.

दुसरी गंमत, या सोळांत वाईट माणूसच नाही. कुणी दूरदर्शी, कुणी संवेदनशील, कुणी कर्तबगार. संशोधक ज्याला जास्त मानतात त्या पाच घटकांच्या प्रारूपात, म्हणजे ‘बिग फाइव्ह’मध्ये, काळजी-चिडचिड करण्याची प्रवृत्तीही मोजतात आणि निकाल प्रकारांत न कापता पट्टीवरच्या जागेनं देतात. मॅक्रे आणि कोस्टा या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलं, की मायर्स-ब्रिग्जच्या चार पट्ट्या त्या पाचांपैकी चारांशी बऱ्यापैकी जुळतात. सगळंच थोतांड नाही, ते यामुळे. गळला तो नेमका चिडचिडीचा घटक! खप कशामुळे आहे, हे वेगळं सांगायला नको. आणि ‘हे हुबेहूब मीच!’ या वाटण्यावर फार जाऊ नये. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं खास विश्लेषण’ म्हणून एकच मजकूर वाटला, तोही ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

एवढं सगळं माहीत असूनही चाचणी आली तर द्यावी, असं माझं मत आहे. कारण एरवी ‘मीटिंगमध्ये मला मध्येच तोडू नका’ हे सहकाऱ्याला सांगायला धाडस लागतं. ‘मी आय आहे ना’ म्हटलं की तेच हसतखेळत सांगता येतं. काही जण बोलता बोलता विचार करतात, काहींना विषयपत्रिका आदल्या दिवशी हातात लागते, हे या निमित्तानं उघड बोललं जातं. विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवण्यासाठी कुणाचंही अक्षर ठाऊक असायची गरज नव्हती, हे खरंच. पण ती पाठवली जात नव्हती, हेही तितकंच खरं.

फक्त थोडी काळजी घ्या. अक्षर सोडा, निकालात टक्के दिले असतील तर ते बघा. ४५ ते ५५च्या मधलं काहीही ‘दोन्हीकडचा’ म्हणून खोडून टाका. चार प्रकारांची वर्णनं शीर्षकं काढून मित्राच्या हातात द्या आणि त्यातलं तुमचं कुठलं ते ओळखायला सांगा. डोळे मिटून उचललं तरी चारांत एकदा बरोबर येतं, तेव्हा एका नेमावर भुलू नका. सहकाऱ्याकडून तुमच्या वतीनं प्रश्नावली भरून घ्या. जिथे दोघांची उत्तरं जुळत नाहीत तिथे कार्यशाळेचे पैसे वसूल होतात. बाकीचं जेवणापर्यंत वेळ काढणं.

नोकरी देताना मात्र हिला हात लावू नये. चाचणीचे प्रकाशक स्वतःच तसं बजावतात. विक्रीच्या जागेसाठी आलेला उमेदवार ‘गर्दीत मला उत्साह येतो’ याच्यावर खूण करणार, हे कळायला युंग वाचावा लागत नाही.

आणि कार्यशाळेनंतर एक जमात हमखास उगवते: ‘मी पी आहे, मला डेडलाइन मानवत नाही.’ अशांना शांतपणे टक्के विचारावेत. बावन्न निघाले, तर उरलेल्या अठ्ठेचाळीस टक्क्यांना उद्या सकाळी नऊ वाजता फाइल घेऊन बोलवावं.