मीटर कमी, एका किकमध्ये चालू, सह्या हातात: म्हणून गाडी चांगली?

जुनी मोटरसायकल घेणाऱ्यांसाठी एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. सार असं: मेकॅनिकवर पैसे घालवू नका, चारच गोष्टी बघा. मीटर चाळीस हजारांच्या आत हवं, गाडी एका किकमध्ये चालू व्हावी, धूर नसावा, आणि आरसीबरोबर मालकाने सह्या केलेले फॉर्म हातात पडावेत. एवढं जमलं की डोळे झाकून व्यवहार करा. गंमत अशी की या चारही गोष्टी विकणाऱ्याला आदल्या दिवशी जमवून ठेवता येतात.

मीटरचंच घ्या. बारा-पंधरा वर्षांपूर्वीच्या स्प्लेंडर, पॅशनसारख्या गाड्यांचं मीटर पुढच्या चाकातून येणाऱ्या केबलवर चालतं. केबल तुटली की आकडा गोठतो, आणि लोक तशीच गाडी वर्षानुवर्षं हाकतात. मीटर बदलणं तर पान्याचं काम. किलोमीटर वाचायचेच असतील तर ते ब्रेक पेडलवर, फूटरेस्टच्या रबरावर आणि मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चकतीच्या) दातांवर वाचा. मीटर बावीस हजार सांगतंय आणि पेडलवरच्या रेषा घासून गुळगुळीत झाल्यात, तर खोटं पेडल बोलत नाहीये. टायरच्या कडेला चार आकडे असतात, तेही बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ‘कालच टाकलेत’ म्हणून सांगितलेले टायर तिथे पकडले जातात.

एका किकचा मुद्दा त्याहून फसवा, कारण गरम इंजिन बहुतेक वेळा चालू होतंच. अकराची वेळ ठरली असेल तर साडेदहाला पोचा आणि इंजिनजवळ हात नेऊन बघा. ऊब लागली तर चहा घ्या, गप्पा मारा, पण निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचं पहिलं मिनिट फार काही सांगून जातं. टायमिंग चेनची खळखळ, व्हॉल्व्हची टकटक, चोक सोडला की बंद पडणं, हे सगळं इंजिन तापलं की कमी होतं किंवा कळेनासं होतं. मग दहा मिनिटं चालवून बंद करा आणि गरम असताना पुन्हा चालू करून बघा. काही गाड्या तिथेच अडतात.

धुराबद्दल थोडक्यात. फोर-स्ट्रोकमध्ये, म्हणजे आजच्या बहुतेक गाड्यांत, निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय; तेव्हा ‘धूर नसावा’ हे मेसेजमध्ये बरोबर आहे. पण जाड ऑईल भरलं की तो काही दिवस दबतो. म्हणून गाडी दोन-तीन मिनिटं स्लोवर ठेवून एकदा रेस करा. फक्त तेवढ्यापुरता निळा झोत आला तर व्हॉल्व्ह सील गेलेत, ओढताना सतत येत असेल तर रिंग-पिस्टनचं काम. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकला मात्र हा नियम लावूच नका. तिथे ऑईल पेट्रोलबरोबर जळायलाच हवं.

चासीबद्दल, म्हणजे गाडीच्या सांगाड्याबद्दल, मेसेज गप्प आहे, आणि महागात पडते ती तीच. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मधोमध अडकलं तर कोन सेट (हँडल फिरतं ते बेअरिंग) गेलाय; तो बदलता येतो. पण मागून बघताना दोन्ही चाकं एका रेषेत नसतील तर गाडी कुठे तरी जोरात आपटलेली असू शकते.

आता कागद. सह्या केलेले मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० खिशात आले म्हणजे गाडी नावावर झाली, हा समज सगळ्यात घातक. आरटीओच्या नोंदीत बदल होईपर्यंत मालक जुनाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं. ती गाडी कागद न बदलता हातोहात पुढे विकली गेली होती. हे विकणाऱ्याला ऐकवा, ट्रान्सफरची घाई तोच करील. आणि सह्या कुणाच्या आहेत ते बघा. पुष्कळदा समोरचा माणूस मधला असतो, आरसीवरचा मालक परगावी किंवा हयातच नाही. मग वारसांच्या सह्या गोळा करत फिरायचं तुम्ही.

चासी नंबर हँडलखालच्या मानेवर असतो. ग्रीस पुसून तो आरसीशी स्वतः ताडून बघा. नेमका तिथेच ताजा रंग असेल तर व्यवहार सोडा. परिवहनच्या साइटवर वैधता आणि बँकेचा बोजा दिसतो. कर्ज फिटलं तरी ती बोजाची नोंद (एचपी) उतरवायची राहून गेलेली असते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २००९ ची गाडी असेल तर पासिंग २०२४ लाच संपलं. पुनर्नोंदणी, पर्यावरण कर, थकलेली चलानं, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी बसायची असेल तर तीही, हा सगळा खर्च किमतीतून वजा करून मागा. कोल्हापूर-सांगलीकडे केए (कर्नाटक) किंवा सिंधुदुर्गात जीए (गोवा) पासिंगची गाडी घेणार असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि इथला कर हे वेगळं धरा.

मेकॅनिक या सगळ्यासाठी जेवढे घेतो, तेवढे क्लच प्लेटच्या एका कामात जातात. पैसे देताना थोडी रक्कम नाव चढेपर्यंत मागे ठेवा, तसं लिहून घ्या, आणि ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही टाका. त्याच दिवशी सकाळी सिग्नल तोडल्याचं चलान आलं तर ते कुणाचं, हा वाद तिथेच मिटतो.