'ह्यू अँड क्राय' : पडक्या लंडनच्या मुलांचा साहसपट

इलिंग या ब्रिटिश चित्रपट स्टुडिओच्या गाजलेल्या विनोदी चित्रपटांची सुरुवात १९४७ च्या 'ह्यू अँड क्राय'ने झाली, असे सांगितले जाते आणि बहुतेक ठिकाणी त्याची तेवढ्यावरच बोळवण होते. मला हा या चित्रपटावर अन्याय वाटतो, कारण युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांकडे जराही कीव न करता पाहणारा इतका जिवंत साहसपट माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

ज्यो कर्बी या लंडनच्या पोराला मुलांच्या साप्ताहिकातली रहस्यकथा वाचता वाचता दिसते, की गोष्टीतल्या गाडीचा क्रमांक आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या खऱ्या गाडीचा क्रमांक एकच आहे. चोरांची टोळी त्या गोष्टींतून आपले निरोप पाठवत असते, आणि गोष्टी लिहिणाऱ्या भित्र्या लेखकाला (अ‍ॅलिस्टर सिम यांनी तो अफलातून रंगवला आहे) त्याचा पत्ताही नसतो. पोलीस ज्योचे बोलणे उडवून लावतात, म्हणून मुलेच शोधाला लागतात. म्होरक्या कोण, हे मी सांगणार नाही.

खरा ऐवज आहे तो या मुलांच्या वावरण्याच्या जागेत. सप्टेंबर १९४० ते मे १९४१ या काळात लंडनवर बॉम्बवर्षाव झाला. म्हणजे पडद्यावर पंधरा-सोळा वर्षांची दिसणारी मुले तेव्हा नऊ-दहा वर्षांची असणार. दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन यांनी खऱ्याखुऱ्या पडक्या इमारतींमध्ये चित्रीकरण केले. १९३९ साली पोलंडमध्ये युद्धाला तोंड फुटताना ते कॅमेऱ्यात टिपणारे डग्लस स्लोकोम हेच येथे छायालेखक आहेत, आणि त्यांच्या चौकटींत छप्पर उडालेली घरे शोकगीतासारखी येत नाहीत. ती मुलांच्या हक्काच्या अड्ड्यासारखी येतात. ढिगाऱ्यात बसलेला एक लहानगा विमानांची घरघर आणि स्फोटांचे आवाज तोंडाने हुबेहूब काढत राहतो. त्याचे कोणी कौतुक करत नाही, त्याला कोणी गप्पही करत नाही. ज्या आवाजांनी त्याचे बालपण व्यापले, ते त्याने खेळात घेतले आहेत, आणि पटकथाकार टी. ई. बी. क्लार्क यांनी त्यावर भाष्य करण्याचा मोह टाळला आहे.

मुलांनी एका मोठ्या बाईला पकडून पांढऱ्या उंदराची भीती घालत बोलते करण्याचा प्रसंग काहींना खटकतो. मला तो प्रामाणिक वाटतो, कारण टोळीतली मुले प्रसंगी निर्दयही होतात आणि हा चित्रपट त्यांना गुळगुळीत करून दाखवत नाही. माझी तक्रार वेगळी आहे : या पोरांच्या गर्दीत जोन डाउलिंगने साकारलेल्या क्लॅरीला फारच थोडा वाव मिळतो, आणि ती पडद्यावर येते तेव्हा तिच्यावरून नजर हटत नाही.

शेवटी लंडनच्या कानाकोपऱ्यांतून शेकडो मुले धावत, सायकली दामटत, भिंतींवरून उड्या मारत गोदीजवळच्या पडीक जागेवर चाल करून येतात, तेव्हा दिग्दर्शक मूळचा संकलक आहे हे जाणवते; इतका वेग आणि इतकी गर्दी असूनही कोण कुठून आले हे क्षणभरही निसटत नाही. कृष्णधवल म्हणून मुले नाक मुरडतील, असे समजू नका. दहा वर्षांपुढच्या मुलांना तो जरूर दाखवा, फक्त उपशीर्षके चालू ठेवा, कारण त्या पोरांची लंडनी बोली भराभर येते आणि तिच्यातली गंमत चुकवण्यासारखी नाही.