लक्ष्मी टोरांटोला गेली

माणसाला दुःखच हवं असेल तर भारतीय क्रिकेट पुरेसं आहे. २०२३ च्या अहमदाबादच्या फायनलनंतर कुणी कुणाचं सांत्वन केलं नाही, कारण घरोघरी सुतक होतं. पण त्या दुःखात एक सोय होती: कुणाला नियम समजावून सांगावे लागत नव्हते.

मी सिअ‍ॅटलला आलो आणि मरिनर्स नावाचा बेसबॉलचा संघ लावून घेतला. हा १९७७ पासून खेळतोय. मेजर लीग या इथल्या सर्वोच्च स्पर्धेच्या ३० संघांत वर्ल्ड सिरीजची, म्हणजे फायनलची, पायरी एकदाही न चढलेला हा एकटाच. २००१ मध्ये याने मोसमात ११६ सामने जिंकले, विक्रमाची बरोबरी केली, मग प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, न्यूयॉर्कच्या यांकीजकडून हरला आणि त्यानंतर थेट २०२२ पर्यंत प्लेऑफमध्ये फिरकला नाही. हे ऐकून आई म्हणाली, "अरे, मग दुसरा संघ घे की." जणू मी तुरीच्या डाळीचा ब्रँड बदलायला तयार नव्हतो.

पण २०२५ चं वर्ष वेगळं होतं. आमचा कॅचर, म्हणजे विकेटकीपरच, कॅल रॉली ६० होम रन (बेसबॉलचे षटकार) मारून बसला होता. सप्टेंबरमध्ये एका चाहत्याने तर ऑनलाइन बाजारातून पैसे मोजून एका चेटकिणीकडून संघासाठी मंत्र घालून घेतला आणि संघ जो जिंकत सुटला तो सुटलाच. (प्रगत देश वगैरे काही नसतं. लिंबू-मिरची सगळीकडेच टांगतात, इथे फक्त ऑर्डर द्यावी लागते.) डेट्रॉइटला १५ इनिंग (एरवी नऊच असतात) खेळून हरवलं. मग वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या शेवटच्या मालिकेत टोरांटोला त्यांच्याच घरी जाऊन लागोपाठ दोनदा हरवलं. पुढे आम्ही आमच्या परंपरेला जागलो आणि गाडी ३-३ वर, सातव्या म्हणजे निकालाच्या सामन्यावर आली.

तो सामना होता सोमवारी, २० ऑक्टोबरला, टोरांटोत. पुण्यात लक्ष्मीपूजन २१ ला होतं, पण आमच्याकडे अमावस्येचं गणित २० च्याच संध्याकाळी जुळत होतं. मुहूर्त सूर्यास्तानंतरचा, म्हणजे सामन्याच्या ऐन मध्यावरचा. बायकोने चौरंग मांडला, मी टीव्हीचा आवाज बंद केला. दोघांनीही आपापल्या परीने माघार घेतली होती.

पाचव्या इनिंगमध्ये रॉलीने होम रन मारला. ३-१. सातव्यात टोरांटोची बॅटिंग, त्यांचा एक आउट, दोन माणसं बेसवर, म्हणजे घरी पळून रन काढायच्या वाटेवर. आणखी आठ आउट मिळाले की आम्ही वर्ल्ड सिरीजमध्ये! आमचा सगळ्यात भरवशाचा पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) राखून ठेवलेला. त्या क्षणी तो राखूनच राहिला. मॅनेजरने दुसऱ्यालाच बोलावलं. समोर आला जॉर्ज स्प्रिंगर. हाच स्प्रिंगर २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या संघात होता, ज्या संघाने कॅमेरे लावून प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्या. आणि आमच्या या मालिकेच्या पाचव्या सामन्यात याच्याच गुडघ्यावर आमच्या पिचरचा चेंडू बसला आणि तो लंगडत बाहेर जाताना आमच्या मैदानावर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. असं करू नये. या वेळी त्याने चेंडू डावीकडच्या प्रेक्षकांत धाडला, तिघं घरी आले, तीन रन, टोरांटो ४-३.

"आरती म्हण," बायको म्हणाली. मी म्हटली. बेंबीच्या देठापासून म्हटली. शेजारच्या काकू नंतर म्हणाल्या, या वर्षी तुमच्या आवाजात काय भाव होता!

शेवटचा आउट हूलिओ रॉड्रिगेझ. त्याची बॅट हवेतून फिरली आणि त्याच्यानंतरचा रॉली हातात बॅट घेऊन नुसता उभा राहिला.

आणि मग फराळाला मंडळी आली. इथून खरा छळ सुरू झाला. "चेहरा का असा?" मॅच हरलो. "कोण, इंडिया?" नाही, बेसबॉल. "अच्छा! त्यात ते चौघं गोल पळतात ना?" चौघं नाहीत. आणि गोलही नाही. शोक करायचा सोडून मी चकलीच्या तुकड्यांनी बेस मांडले, शंकरपाळ्याचा पिचर केला आणि ज्या क्षणाने माझं काळीज फाटलं तो क्षण सोप्या भाषेत समजावला. एका सद्गृहस्थांनी दुसऱ्या बेसवरची चकली खाल्ली आणि विचारलं, "मग हा ड्रॉ नाही का करता येत?"

तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन. तिकडे सकाळ.

"किती रनांनी हरलात?"

"एका."

"एका रनासाठी एवढं! अमावस्येला कशाला ठेवतात मॅच?"

"तूच म्हणतेस ना, लक्ष्मीपूजनाची अमावस्या शुभ असते."

"असतेच."

"होती. टोरांटोला."

टोरांटोच्या शेजारी मिसिसागात माझा मावसभाऊ राहतो. त्याने रात्री फोटो पाठवला: लक्ष्मीची तसबीर, पणत्या, अनारसे, आणि तसबिरीला टेकवलेली टोरांटोची निळी टोपी. खाली हात जोडलेली इमोजी. भाऊबीजेपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये मी लॉस एंजेलिस डॉजर्सचा कट्टर भक्त झालो. या संघाकडे इतका पैसा आहे की एरवी मला त्यांचा राग येतो.

१ नोव्हेंबरला टोरांटोतच पुन्हा सातवा सामना. नवव्या इनिंगमध्ये बरोबरी होती आणि टोरांटोला एकच रन हवा होता. तिसऱ्या बेसवरून कायनर-फालेफा पळाला. आमच्याविरुद्ध त्या सातव्या इनिंगमध्ये बेसवर उभा असलेला आणि स्प्रिंगरच्या फटक्यावर आरामात घरी गेलेला, तोच. या वेळी तो काही इंचांनी आउट झाला. ११ इनिंगनंतर टोरांटो ५-४ ने हरलं. मी घरभर नाचलो.

थोड्या वेळाने मावसभावाचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"त्याने तिसऱ्या बेसपासून जरा पुढे उभं राहायला काय झालं होतं रे?"

"तेच तर," मी म्हणालो आणि सोफ्यावर बसलो. बायकोने जेवायला दोनदा हाक मारली.